घोडा कोणताही जिंको : आयर्लंडच्या जोसेफ मॅकग्रा यांची जीवनकथा

घोड्यांच्या शर्यतीचे नाव काढले की आपल्या बेटावरच्या माणसाचे कान आपोआप टवकारतात. पोर्ट लुईच्या शां द मार्स मैदानावर १८१२ साली पहिली शर्यत झाली. आपले पूर्वज कोकणातून आणि घाटावरून येऊन या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा ते मैदान आधीपासूनच गजबजलेले होते. त्यांच्यापैकी कितीजण तिथल्या कठड्याला टेकून उभे राहिले असतील आणि किती रुपये तिथे ठेवून घरी परतले असतील, याचा हिशेब कोणीही लिहून ठेवलेला नाही. पण पगाराच्या दिवशी चार पैसे बाजूला काढून अमक्या घोड्यावर लावणारा एखादा काका किंवा मामा कोणत्या घरात नव्हता? आणि त्याची वाट पाहत दाराशी बसलेली मामी कोणत्या घरात नव्हती?

पैज कशी लावावी, कोणत्या घोड्यावर लावावी, विन घ्यावा की प्लेस, याविषयी सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतात. आम्ही आज तसला सल्ला देणार नाही. आम्ही आज एका माणसाचे चरित्र सांगणार आहोत. हा माणूस डब्लिन शहरात एका साध्या घरात वाढला, हमालांच्या आणि गाडीवानांच्या संघटनेत काम करू लागला, देशासाठी तुरुंगात गेला, मंत्री झाला, मंत्रिपद सोडून बेकार झाला, आणि शेवटी घोड्यांच्या शर्यतीच्या जोरावर आयर्लंडमधला एक अत्यंत धनाढ्य गृहस्थ म्हणून मेला. विशेष हे की त्याच्या श्रीमंतीसाठी अमुकच घोडा जिंकला पाहिजे अशी अट कधीच नव्हती. घोडा कोणताही जिंको, त्याचे भांडे भरतच होते. त्याचे नाव जोसेफ मॅकग्रा. पैजांचे प्रकार आणि त्यांतल्या युक्त्या समजून घ्यायच्या असतील तर या एका माणसाचे आयुष्य पुरेसे आहे, असे आम्हाला वाटते.

कामगार, क्रांतिकारक आणि मंत्री

जोसेफ मॅकग्रा यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात डब्लिन येथे झाला. आयर्लंड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. डब्लिनची गरिबी युरोपात कुप्रसिद्ध होती. एकेका खोलीत एकेक कुटुंब राही आणि क्षयरोग घरोघरी ठाण मांडून बसलेला असे. तरुण मॅकग्रा यांनी जिम लार्किन या गाजलेल्या कामगार पुढाऱ्याच्या वाहतूक कामगार संघटनेत काम केले. पुढे हिशेबतपासनिसांच्या एका पेढीत नोकरी केली. त्याच पेढीत मायकेल कॉलिन्स नावाचा दुसरा एक तरुण काही काळ काम करीत होता. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सूत्रधार म्हणून तो पुढे जगाला माहीत झाला. आकड्यांची चांगली जाण आणि माणसे जोडण्याची हातोटी, हे दोन गुण मॅकग्रा यांनी या दोन ठिकाणी कमावले. पुढच्या सगळ्या आयुष्यात तेच त्यांचे भांडवल ठरले.

१९१६ च्या ईस्टर उठावात मॅकग्रा यांनी डब्लिनच्या मॅरोबोन लेन येथे हत्यार हाती घेतले. उठाव मोडला गेला आणि त्यांची रवानगी इंग्लंडच्या तुरुंगात झाली. पुढे पुन्हा अटक झाली. १९१८ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीत डब्लिनच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले तेव्हा ते तुरुंगातच होते. जानेवारी १९१९ मध्ये वेल्समधल्या अस्क येथील तुरुंगाची भिंत ओलांडून ते तिघा साथीदारांसह पसार झाले.

१९२१ च्या शेवटी इंग्लंडशी तह झाला आणि आयरिश स्वतंत्र राज्य उभे राहिले. मॅकग्रा तहाच्या बाजूचे. ते आधी कामगारमंत्री आणि नंतर उद्योग व व्यापारमंत्री झाले. तहावरून सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध बंदुका घेऊन उभे राहिले, त्या यादवीच्या काळात सरकारच्या गुप्त पोलिसांशीही त्यांचा निकटचा संबंध होता. १९२४ च्या मार्चमध्ये सैन्यातल्या जुन्या अधिकाऱ्यांना घरी पाठवण्यावरून बंडाळी झाली. मॅकग्रा यांची सहानुभूती त्या अधिकाऱ्यांकडे होती. त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी आणखी आठ सभासदांसह लोकसभेची जागाही सोडली. चाळिशी गाठण्याच्या आतच राजकारणातला हा डाव संपला.

पोट भरणे भाग होते. शॅनन नदीवर वीज निर्माण करण्याचे प्रचंड काम सीमेन्स या जर्मन कंपनीने १९२५ साली हाती घेतले. त्या कामावर मजुरांविषयीचे सल्लागार म्हणून मॅकग्रा यांची नेमणूक झाली. अकुशल मजुराला आठवड्याला ३२ शिलिंग इतकीच मजुरी ठरली होती. संघटनांनी त्याविरुद्ध संप पुकारला, पण तो टिकला नाही. बेकार झालेले माजी सैनिक मिळेल त्या मजुरीवर कामावर आले. जो माणूस एके काळी लार्किनच्या झेंड्याखाली उभा होता, तोच आता कंपनीच्या बाजूने उभा होता. ही गोष्ट डब्लिनचे कामगार पुष्कळ वर्षे विसरले नाहीत.

तीन प्रकारचे डाव

याच सुमारास आयर्लंडात पैजेच्या धंद्याला कायद्याची मान्यता मिळत होती, आणि ती तीन पावलांनी मिळाली. ही तीन पावले नीट ध्यानात घेतली म्हणजे आपल्या मैदानावर काय चालते तेही आपोआप उलगडते.

पहिले पाऊल १९२६ चे. त्या वर्षीच्या कायद्याने गावातल्या दुकानात बसून पैजा घेण्याची बुकींना मोकळीक मिळाली. इंग्लंडला यासाठी १९६१ साल उजाडावे लागले. बुकीशी लावलेली पैज म्हणजे दोघांतला करार. भाव आधी ठरतो. दहास एक असा भाव असेल आणि घोडा पहिला आला तर एका पौंडाला दहा पौंड मिळतात, शिवाय आपला पौंड परत. ईच वे म्हणजे एकाच घोड्यावर दोन पैजा, एक विनची आणि एक प्लेसची. प्लेसचा भाव विनच्या भावाचा एक हिस्सा असतो. डबल म्हणजे दोन शर्यतींतले दोन घोडे एकमेकांना बांधायचे, दोन्ही आले तरच पैसे. फोरकास्ट म्हणजे पहिला आणि दुसरा कोण ते क्रमाने सांगायचे. पैज जितकी अवघड तितका भाव मोठा, आणि भाव जितका मोठा तितका बुकीचा नफाही बहुधा मोठा.

बुकीचा नफा येतो कुठून? एक साधे उदाहरण घेऊ. तीनच घोडे आहेत. पहिल्याचा भाव बरोबरीचा, दुसऱ्याचा दोनास एक, तिसऱ्याचा तीनास एक. बरोबरीचा भाव म्हणजे शंभरात पन्नास वेळा जिंकण्याची शक्यता, दोनास एक म्हणजे तेहेतीस, तीनास एक म्हणजे पंचवीस. बेरीज करा. एकशे आठ होते. खरी बेरीज शंभरच असायला हवी. वरचे आठ हा बुकीचा मेवा. सगळ्या घोड्यांवर त्या त्या प्रमाणात पैसे आले की कोणताही घोडा जिंकला तरी बुकीच्या गल्ल्यात काही ना काही उरतेच.

दुसरे पाऊल टोटचे. १९२९ साली त्याचा कायदा झाला आणि १९३० मध्ये आयर्लंडच्या मैदानांवर टोट सुरू झाला. इथे भाव आधी ठरत नाही. सगळ्यांचे पैसे एका भांड्यात जमतात, त्यातून सरकारचा आणि मैदानाचा हिस्सा आधी काढून घेतला जातो, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. म्हणजे टोटवर आपण घोड्याविरुद्ध नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध खेळत असतो. ज्या घोड्यावर सगळे तुटून पडतात तो जिंकला तरी हाती चिंचोके येतात. म्हणून टोटवरची एकच खरी युक्ती म्हणजे गर्दीने विसरलेला पण बऱ्यापैकी पळणारा घोडा ओळखणे. ही युक्ती सांगायला सोपी आणि साधायला फार कठीण, कारण ती ओळखणारे आपण एकटेच नसतो.

तिसरे पाऊल स्वीपचे. स्वीपमध्ये घोडा निवडण्याचा प्रश्नच नाही. तिकीट घ्यायचे, सगळ्या तिकिटांच्या प्रती एका पिंपात घालून ढवळायच्या, आणि शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याच्या नावावर एकेक तिकीट काढायचे. आपल्या तिकिटाला घोडा लागला तर पुढची आशा, नाही तर कागद फाडून टाकायचा. ही कल्पना आयर्लंडची नव्हे. कलकत्त्याच्या टर्फ क्लबची डर्बी स्वीप एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. इंग्लंडातल्या एप्सम डर्बीवर निघणाऱ्या त्या स्वीपचे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी जगभर झालेले होते. पण कलकत्त्याची स्वीप तिच्याच जोरावर चालत होती, आणि आयर्लंडच्या स्वीपला मॅकग्रा यांच्यासारखा माणूस मिळाला. फरक पडला तो तिथे.

पिंप फिरू लागले

डब्लिनची मोठी रुग्णालये दानधर्मावर चालत. पहिल्या महायुद्धानंतर दान आटले आणि रुग्णालये कर्जात बुडाली. रिचर्ड डगन नावाच्या डब्लिनच्या बुकीने याआधीही परोपकारासाठी स्वीप काढली होती. १९१८ साली पाणबुडीने बुडवलेल्या लेन्स्टर बोटीवरच्या मृतांच्या कुटुंबांसाठी तिचा पैसा गेला होता. डगन, स्पेन्सर फ्रीमन नावाचे एक कल्पक अभियंते, आणि मॅकग्रा असे तिघे एकत्र आले. डगनला पैजेचा धंदा ठाऊक, फ्रीमनला जाहिरात आणि देखावा ठाऊक, आणि मॅकग्रा यांना सरकार, पोलीस, बंडखोर, गोदीकामगार असे सगळेच ठाऊक. १९३० साली रुग्णालयांसाठी स्वीप काढण्याचा कायदा संमत झाला.

पहिली स्वीप १९३० च्या नोव्हेंबरात मँचेस्टरच्या एका शर्यतीवर निघाली. तिकीट दहा शिलिंगांचे. साडेसहा लाख पौंडांच्या आसपास रक्कम जमली. रुग्णालयांना त्यातला सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे एक लाख तीस हजारांवर पौंड मिळाले. प्रवर्तकांच्या वाट्याला सेहेचाळीस हजारांच्या आसपास आले. शॅननच्या मजुराची आठवड्याची ३२ शिलिंग मजुरी आठवा आणि मग या आकड्याकडे पाहा.

तिकिटे काढण्याचा सोहळा पाहण्यासारखा असे. पांढऱ्याशुभ्र गणवेशातल्या परिचारिका मोठ्या पिंपात हात घालून तिकिटे काढत. शेजारी पोलिसांचे प्रमुख अधिकारी उभे असत. लोकांचा विश्वास बसावा म्हणून हे सगळे होते, आणि तो बसलाही. १९३१ च्या ग्रँड नॅशनल शर्यतीवरच्या स्वीपमध्ये लंडनला छोटे उपाहारगृह चालवणाऱ्या एमिलिओ स्काला या इटालियन गृहस्थाला ग्रॅकल नावाचा घोडा लागला, आणि तो घोडा जिंकला. स्काला यांचे बक्षीस साडेतीन लाख पौंडांहून अधिक होते. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे आली. पाठोपाठ त्या रकमेत आपलाही हिस्सा आहे असे म्हणणारे लोक कोर्टात गेले. लक्ष्मी आली की तिच्या मागोमाग वकील येतो, हा अनुभव सगळ्या देशांत सारखाच.

एकाच माणसाला इतकी अवाढव्य रक्कम देण्यापेक्षा पुष्कळांना मोठी रक्कम द्यावी, हे प्रवर्तकांच्या ध्यानात आले. त्यानंतर बक्षिसांची रक्कम एकेक लाखाच्या भागांत वाटून प्रत्येक भागात पहिले बक्षीस तीस हजारांचे, दुसरे पंधरा हजारांचे आणि तिसरे दहा हजारांचे अशी पद्धत पडली. म्हणजे जितकी तिकिटे जास्त खपतील तितके जिंकणारे जास्त, आणि जितके जिंकणारे जास्त तितकी पुढच्या वेळची तिकिटे जास्त. प्रत्येक गावात एक तरी जिंकलेला माणूस दिसला पाहिजे. हरलेले दिसत नाहीत, कारण हरलेला माणूस गप्प बसतो.

तिकीट ठेवावे की विकावे

स्वीपमध्ये खेळणाऱ्याच्या हाती एकच खरा निर्णय उरतो. आपल्या तिकिटाला घोडा लागला हे शर्यतीच्या आधी कळते. मधल्या त्या दिवसांत तिकिटाला बाजारभाव येतो. लंडनच्या बुकमेकर पेढ्यांची माणसे घोडा लागलेल्या लोकांना गाठून तिकिटाचा अर्धा किंवा पाव हिस्सा रोख पैशाने विकत घेत. त्यासाठी ती बोटीने न्यूयॉर्कपर्यंत जात.

समजा, एखाद्या शिंपिणीच्या तिकिटाला दहास एक भावाचा घोडा लागला. तो जिंकण्याची शक्यता अकरात एक. तीस हजारांच्या बक्षिसाचा अकरावा भाग म्हणजे सुमारे सत्तावीसशे पौंड, म्हणजे अर्ध्या तिकिटाची रास्त किंमत साडेतेराशेच्या घरात, दुसऱ्या-तिसऱ्या बक्षिसाची आशा वेगळी. पेढीचा माणूस बाराशे देऊ करतो. घ्यावे की नाही? गणित सांगते की थोडा तोटा आहे. संसार सांगतो की घ्यावे. कारण शिंपिणीकडे एकच घोडा आहे, आणि तो अकरातून दहा वेळा हरणार आहे. पेढीकडे मात्र अशी शेकडो अर्धी तिकिटे आहेत. तिचा हा घोडा हरला तरी दुसरा जिंकतो. हातातले अर्धे विकून घराचे छप्पर शाकारावे आणि अर्धे नशिबावर सोडावे, हाच शहाणपणा. पैजेच्या साऱ्या युक्त्यांमध्ये आम्हाला मनापासून पटलेली युक्ती हीच, कारण तिच्यात पैज वाढवायची नसून कमी करायची असते.

याच्या नेमकी उलट युक्ती म्हणजे हरल्यावर पैज दुप्पट करत जाणे. ती आपल्या मैदानावरही ऐकू येते. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सात वेळा ओळीने हरला की एकशे सत्तावीस रुपये गेलेले असतात, आणि आठव्यांदा एकशे अठ्ठावीस लावून बरोबरीच्या भावाने जिंकला तरी हाती नफा येतो तो एका रुपयाचा. ओळीने सात वेळा हरणे ही शर्यतीच्या मैदानावर अजिबात दुर्मीळ गोष्ट नव्हे.

चोरवाटा

आयर्लंडची वस्ती तीस लाखांच्या आसपास. तेवढ्या लोकांवर ही स्वीप चालणे शक्य नव्हते. तिकिटे खपत ती इंग्लंडात, अमेरिकेत, कॅनडात. तिथे परक्या लॉटरीवर बंदी होती. इंग्लंडने १९३४ साली कायदा आणखी कडक केला, आणि मग अमेरिका ही मुख्य बाजारपेठ झाली. तिकिटांचे गठ्ठे बोटींतून लपून जात, खलाशी आणि गोदीकामगार ते किनाऱ्यावर उतरवत. ज्या वाटांनी एके काळी बंदुका आल्या होत्या त्याच माणसांच्या ओळखीने आता तिकिटे जाऊ लागली. फिलाडेल्फियाचे जोसेफ मॅकगॅरिटी हे आयरिश क्रांतिकारकांचे जुने पाठीराखे, त्यांनाही तिकीटविक्रीचे काम मिळाले. यादवीत ते तहाच्या विरुद्ध बाजूचे होते. कालच्या वैऱ्यांना पोटाला लावण्याची ही मॅकग्रा यांची रीत होती. लोकांनी पैसे पाठवायचे ते आयर्लंडमधल्या साध्यासुध्या माणसांच्या नावे, म्हणजे टपालखात्याला संशय येऊ नये.

डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागात स्वीपची प्रचंड कचेरी उभी राहिली. गर्दीच्या दिवसांत तिथे चार हजारांपर्यंत माणसे काम करीत, आणि त्यांत बहुतेक सगळ्या बायका होत्या. नोकऱ्या दुर्मीळ असलेल्या त्या शहरात कित्येक घरांची चूल या कचेरीवर पेटत होती. त्यामुळे स्वीपविरुद्ध बोलणे म्हणजे रुग्णालयांविरुद्ध, आजाऱ्यांविरुद्ध आणि शेजारच्या पोरीच्या नोकरीविरुद्ध बोलणे झाले. तरीही डब्लिनचे अ‍ॅडलेड रुग्णालय या पैशापासून दूर राहिले. जुगाराचा पैसा नको, असे त्या संस्थेने ठरवले होते. आम्हाला त्या चालकांचे कौतुक वाटते. पण त्याच पैशाने बरे झालेल्या रुग्णासमोर उभे राहून ते कौतुक बोलून दाखवणे सोपे नाही, हेही आम्ही जाणतो.

डर्बीचा मालक

दुसऱ्या महायुद्धात समुद्र बंद झाले आणि तिकिटे खपेनाशी झाली. पण तोपर्यंत मॅकग्रा यांनी पैसा दुसरीकडे वळवायला सुरुवात केली होती. बाटल्यांच्या काचेचा कारखाना आणि पुढे वॉटरफर्डची नक्षीदार काच हे उद्योग त्यांच्या हाती आले. आणि अर्थात घोडेही आले. करा या आयर्लंडच्या प्रसिद्ध मैदानाजवळ त्यांनी घोड्यांची पैदास सुरू केली.

१९४४ साली त्यांनी नसरुल्ला नावाचा घोडा घेतला. हा घोडा आयर्लंडमध्येच जन्मला, पण त्याचे पैदासकार होते तिसरे आगाखान. कराचीत जन्मलेले आणि मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीचे हे गृहस्थ. नसरुल्ला पळण्यात हुशार पण स्वभावाने लहरी. काही वर्षांनी अमेरिकेतल्या धनिकांनी त्याला मोठी किंमत देऊन केंटकीला नेले, आणि त्याच्या वंशात बोल्ड रूलर व सेक्रेटेरिएटसारखे जगप्रसिद्ध घोडे निपजले. घोडा आज पळाला तर आजचे पैसे, पण त्याचा वंश पळाला तर पिढ्यान्‌पिढ्यांचे, हे मॅकग्रा यांनी ओळखले होते.

१९५१ साली तर नवलच घडले. एप्समच्या डर्बीत मॅकग्रा यांचा आर्क्टिक प्रिन्स नावाचा घोडा उतरला होता. भाव अठ्ठावीसास एक. तो सहा लांबींनी पहिला आला. ज्या डर्बीच्या तिकिटांवर या माणसाने वीस वर्षे लाखो लोकांना स्वप्ने विकली, ती डर्बी आता त्याच्याच रंगांनी जिंकली. त्या दिवशी कोणी त्या घोड्यावर एक पौंड ईच वे लावला असता, तर विनचे अठ्ठावीस आणि प्लेसच्या चौथाई भावाने सात, असे पस्तीस पौंड आणि वर आपले दोन पौंड परत मिळाले असते. पण आदल्या रात्री असे सांगणारा कोण भेटला असता? सकाळी उठून हिशेब करणे कोणालाही जमते.

१९६२ साली त्यांनी करा मैदानावरच्या आयरिश डर्बीला स्वीपचे नाव आणि स्वीपचा पैसा दिला. बक्षीस एकदम इतके वाढले की सगळ्या युरोपातून घोडे येऊ लागले. त्या पहिल्या वर्षी टँबुरीन हा फ्रान्समधून आलेला घोडा नाकभर अंतराने जिंकला. आयर्लंड आज जगात घोड्यांचा देश म्हणून ओळखला जातो, त्यात मॅकग्रा यांच्या या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

२६ मार्च १९६६ रोजी जोसेफ मॅकग्रा यांचे निधन झाले. त्यांच्या मुलांनी घोड्यांचा व्यवसाय पुढे चालवला. १९६९ साली त्यांच्याच तबेल्यातल्या लेव्हमॉसने अ‍ॅस्कट गोल्ड कप आणि पॅरिसची आर्क द त्रिऑम्फ अशा दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकल्या.

जमाखर्च

आता हिशेब मांडू. जमेच्या बाजूला रुग्णालये आहेत. आयर्लंडमध्ये क्षयाने हजारो माणसे मरत होती. १९४८ साली नोएल ब्राउन नावाचा तरुण डॉक्टर आरोग्यमंत्री झाला. त्याचे स्वतःचे आईवडील क्षयाने गेले होते. त्याने स्वीपच्या निधीचे व्याजच नव्हे तर मुद्दलही खर्ची घालून क्षयरोग्यांसाठी खाटा उभ्या केल्या. नवी औषधेही त्याच काळात आली, आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. स्वीप बंद होईपर्यंत रुग्णालयांना एकूण सुमारे तेरा कोटी पन्नास लाख पौंड मिळाले. हे पुण्य खोटे नाही.

खर्चाच्या बाजूला दुसरे चित्र आहे. १९७३ साली जो मॅकअँथनी या पत्रकाराने डब्लिनच्या संडे इंडिपेंडंट पत्रात स्वीपचा सगळा कारभार उघडा केला. परदेशी विकल्या गेलेल्या तिकिटांच्या खऱ्या किमतीतला दहावा हिस्साही रुग्णालयांपर्यंत पोहोचत नव्हता, असे त्याने दाखवले. मधले दलाल, कमिशने आणि प्रवर्तकांचा वाटा यांतच बहुतेक पैसा मुरत होता. घोडा लागलेल्या तिकिटांचे हिस्से विकत घेण्याच्या व्यवहारातही आतल्या मंडळींचे हात असल्याचे त्याने लिहिले. त्या पत्रकाराला पुढे आपले काम शोधायला कॅनडा गाठावा लागला. १९८७ साली सरकारची राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली आणि स्वीपचा गाशा गुंडाळला गेला. आयुष्यभर तिकिटे मोजलेल्या त्या बायका तुटपुंज्या रकमेवर घरी गेल्या. प्रवर्तकांची घराणी मात्र गडगंज राहिली.

मॅकग्रा यांना आम्ही चोर म्हणणार नाही आणि संतही म्हणणार नाही. देशासाठी प्राण पणाला लावलेला तो माणूस होता. पण आयुष्याच्या मध्यावर त्यांनी एक गोष्ट ओळखली. पैज लावणारा कधी जिंकतो, कधी हरतो. पैज घेणारा बहुधा जिंकतो. आणि ज्याच्या हाती सगळ्यांचे पैसे जमा होणारे भांडे असते, तो कधीच हरत नाही. विन, प्लेस, ईच वे, डबल, फोरकास्ट, टोट, स्वीप ही नावे वेगवेगळी आहेत, पण प्रत्येक प्रकारात भांड्यातला एक घास आधीच कोणीतरी काढून घेतलेला असतो. जो उरतो त्यासाठी आपण एकमेकांशी झगडतो.

वाचक बंधुभगिनींनो, शर्यतीच्या दिवशी मैदानावर जाऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. घोडा हे देखणे जनावर आहे, आणि त्याला धावताना पाहणे हा आनंद आहे. मुलांना खांद्यावर घेऊन तो आनंद जरूर लुटावा. पण खिशात हात घालण्यापूर्वी एक प्रश्न मनाला विचारावा. कोणता घोडा जिंकेल, हा तो प्रश्न नव्हे. घोडा कोणताही जिंकला तरी कोण जिंकणार आहे, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर मिळाले की किती रुपये घरून न्यावेत आणि किती घरीच ठेवावेत, हे कोणाला सांगावे लागणार नाही. घरी ठेवलेल्या रुपयांवर मुलांच्या शाळेचे दप्तर येते आणि आजीचे औषध येते.